महादेवीकाकूची निरीक्षण विहीर

माझ्या महादेवीकाकूचं आयुष्यात दोनच माणसांनी न घाबरता ऐकून घेतलं. एक तिचे यजमान शरणप्पाकाका आणि दुसरे रियाजभाई, विहिरीची पातळी मोजणारे. बाकी आम्ही सगळे तिच्या तोंडाला भिऊन लांबूनच जायचो.

किल्लारीच्या पट्ट्यातलं आमचं गाव. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडमातीचं घर बसलं आणि काका आणि त्यांची एकुलती पोर सुकन्या, दोघंही त्याखाली गेली. काकू अंगणात झोपली होती म्हणून वाचली. शेतातली विहीर मात्र जशीच्या तशी उभी राहिली.

भूकंपानंतर आमच्याकडच्या विहिरींचं काही खरं नव्हतं. कुठे पाणी गढूळ झालं, कुठे वर आलं, कुठे गायब झालं. जमिनीखाली कुठे किती पाणी आहे याची धड माहितीच नाही, हे सरकारला तेव्हा उमगलं. मग काही विहिरी निवडून त्या कायम मोजायचं ठरलं. अशा विहिरीला निरीक्षण विहीर म्हणतात. काकूची विहीर त्यात आली, कठड्यावर रंगानं नंबर पडला आणि रियाजभाई दर मोसमाला टेप घेऊन येऊ लागले.

मोजायच्या आधी पाणी काढू नका, पातळी थाऱ्यावर यायला हवी, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. काकूनं त्याचं व्रतच केलं. आदल्या दिवसापासून मोटार बंद, पोहरा बंद. शेजारी पाणी मागायला आला तर उद्या हिची तपासणी आहे म्हणून त्याला हाकलून द्यायची, जसा काही मोठा डॉक्टरच येणार आहे. कठडा झाडायची, चहाचं आधण ठेवायची. रियाजभाईंनी सांगितलेला आकडा तिला कळायचा नाही. त्यांचा चेहरा बघून ती काय ते समजायची. आणि खरं सांगायचं तर तिच्या बांधावर न चुकता येणारं दुसरं होतंच कोण? आम्ही लातूरला येऊन बसलो होतो.

लातूरचं तर काय सांगावं. क्लासेस आले, राज्यभरातली पोरं डॉक्टर व्हायला आली, गल्लोगल्ली होस्टेलं झाली. माझी मेस त्यावरच चालते, म्हणून नावं ठेवायला मी मोकळी नाही. पण एवढ्या पोरांना पाणी कुठून पुरणार? गावोगाव शेतात बोअर पडले, टँकर भरभरून लातूरला यायला लागले. काकूच्या बांधाला लागूनही बोअर पडले आणि तिची विहीर आटत गेली.

दुष्काळाच्या वर्षी रियाजभाई आले ते तोंड पाडूनच. टेपला नुसती धूळ लागली. वर बैठका चालू होत्या, कुठली माहिती कामाची आणि कुठली बिनकामाची. कोरड्या विहिरी यादीतून काढायच्या आणि दुसरीकडे यंत्र बसवलेले बोअर घ्यायचे, असं घाटत होतं. पुढच्या खेपेलाही कोरडी निघाली तर माझं येणं बंद होईल, असं ते चहा पिता पिता म्हणाले. काकूनं कप उचलला आणि ती आत गेली.

गावाला तेव्हा टँकरचंच पाणी होतं, तेही घरटी मोजक्या घागरी. काकूनं आपल्या वाट्याचं साठवलं, शेजारणींकडून खोटंनाटं सांगून मागून आणलं आणि मोजणीच्या दिवशी सकाळीच सगळं विहिरीत ओतलं. टेप ओली होऊन वर आली. रियाजभाईंना इतका आनंद झाला की त्यांनी वाकून बघितलंसुद्धा नाही. पाणी आल्याची नोंद झाली. ती नोंद बघून वरच्यांनी गावचा टँकर दुसरीकडे वळवला. एवढी तत्परता त्यांनी एरवी कधी दाखवली नव्हती.

बायका घागरी घेऊन विहिरीवर आल्या. आत चिखल. मेस पाण्यावाचून बंद होती म्हणून मीही गावातच होते. काकूनं काही लपवलं नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हिला फाडून खातात. पण कुणी आवाज चढवला नाही. फक्त जगदेवी पुढे झाली. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती.

“माझ्या घरात ओली बाळंतीण हाय, महादेवी,” ती म्हणाली. “लेकराच्या न्हाणीचं पाणी तू दगडाला पाजलंस.”

जन्मभर सगळ्यांना तोडून बोलणाऱ्या काकूनं मला रियाजभाईंना फोन लावायला सांगितला.

ते आले. चिडले नाहीत. पण नोंद दुरुस्त केल्याशिवाय टँकर येणार नव्हता आणि दुरुस्त केली की विहीर यादीतून जाणार होती. दोघांनाही ते ठाऊक होतं. रियाजभाई उगाच टेप गुंडाळत उभे राहिले. शेवटी काकूच बोलली.

“लिवा भाऊ. जीव न्हाई उरला तिच्यात.”

ढिगाऱ्यातून सुकन्याला काढलं तेव्हा, जीव हाय, जीव हाय म्हणत तिनं पोरीला कुणाला हात लावू दिला नव्हता. नंतरही ती रडली नव्हती. आता ती कठड्यावर बसली आणि पोरीचं नाव घेऊन तिनं हंबरडा फोडला. जगदेवीनं तिला पोटाशी धरलं. मग आम्ही सगळ्याच रडलो, विहीर बाजूलाच राहिली.

टँकर परत सुरू झाला. रियाजभाई पुन्हा आले नाहीत. त्यांना यायला आता कारण नव्हतं.