राजाची चाल

नट म्हणून माझी कारकीर्द एका वाक्याची. शिपाई होऊन धावत यायचं आणि ‘महाराज, शत्रू आला’ एवढंच म्हणायचं. मी म्हणालो, ‘शत्रू, महाराज आले.’ त्या वर्षीच्या मंडईच्या जत्रेत लोक दुसरं काही बोललेच नाहीत. दुसऱ्या वर्षीपासून मंडळानं मला रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसवलं, प्रॉम्प्टर म्हणून.

आमच्या झाडीपट्टीत हे काही लहानसहान पद नाही. दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात. नट धानाच्या कापणीतून उठून थेट तोंडाला रंग लावायला येतात, तालमी होतात न होतात. सगळं नाटक आधी प्रॉम्प्टर खालून बोलतो आणि मग नट वरून बोलतो. अपवाद फक्त राजाचं काम करणाऱ्याचा. तो माझा बालमित्र. त्याला प्रत्येक शब्द पाठ. मला खिजवायचा, “तू खाली बसून का करतस गा? झोप घे थोडी.”

एका हंगामात तो अडखळायला लागला. आधी एखादं नाव, मग वाक्य, मग अख्खा प्रवेश. खरं सांगतो, मला आनंद झाला. शेवटी यालाही माझी गरज लागली! मी आवाज वाढवला. तो जितका विसरायचा तितका मी मोठ्यानं सांगायचो, आणि प्रेक्षकांना काही कळायचं नाही. दवनीवाड्याला तर एका म्हाताऱ्यानं येऊन मला सांगितलं, “मास्तर, तुमचा राजा मस्त बोलला.” मी मान डोलावली.

मग त्याची चाल बदलली. पाय उंच उचलायचा आणि टाच धाडकन आपटायचा. फळ्या हादरायच्या, टाळ्या पडायच्या.

“ही चाल कुठून उचलली गा?” मी विचारलं.

“चाल नोहे बे. पायाखाली कापूस हाय असं वाटते. आपटल्याबिगर जमीनच लागत नाई.”

भूमिकेत शिरणं म्हणतात ते हेच, असं मी मंडळातल्या पोरांना समजावलं. दोघांनी तर ती चाल उचललीही.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. जो राजाचं काम करतो त्याला हंगामभर सगळे ‘महाराज’च म्हणतात, चहाच्या टपरीवरसुद्धा. त्यामुळं त्यानं गावचा तलाव आपला असल्याचं जाहीर केलं तेव्हा आम्ही मुजरे केले. मला त्यानं सेनापती केलं. मी ‘जशी आज्ञा’ म्हणून टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. हसून हसून पोट दुखलं. राजाची बायको मात्र एकदा रस्त्यातच आडवी आली. कपाळावर थाळी लागल्याची खूण होती.

“भाऊजी, नाटक तिकडं करा. माह्या घरात राजा कायले धाडून राहिले?”

मी म्हटलं, “हंगाम संपू द्या, वहिनी. उतरेल.”

हंगाम संपला. राजा उतरला नाही. एका सकाळी तो हातपंपावर तोंड धूत होता. साबण लावला, डोळे मिटले आणि तोडलेल्या झाडासारखा सरळ सिमेंटवर आडवा झाला. डोकं फुटलं. ते शिवायला म्हणून आम्ही त्याला गोंदियाला नेलं.

डॉक्टर टाके घालून थांबले नाहीत. डोळ्यांवर बॅटरी मारली, बाहुल्या बारीक झाल्याच नाहीत. उभं करून डोळे मिटायला लावले, तो डुलायला लागला. रक्त घेतलं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. मग बायकोला आणि मला खुर्चीवर बसवलं.

“सिफिलिस. लोग गरमी बोलते हैं. खूप जुनी आहे. मेंदूपर्यंत, मणक्यापर्यंत गेली आहे. पहले कभी जखम हुई थी?”

पलंगावरून महाराजच बोलले, “एक फोड आला होता. दुखला नाई, पिकला नाई. आपोआप गेला.” सडक अर्जुनीहून तो ट्रक चालवायचा तेव्हाची गोष्ट. त्याला वीस वर्षं तरी झाली असतील.

“फोड गेला,” डॉक्टर म्हणाले, “रोग अंदरच राहिला. तेव्हा दाखवलं असतं तर सुईवर भागलं असतं.”

या क्षणी माझ्या डोक्यात काय यावं? आमचे उष्टे चहाचे कप. मी बाही वर सरकवत विचारलं, “डॉक्टरसाहेब, माझंही रक्त बघता का? आम्ही एकाच कपात पितो.”

“चाय से नहीं होता, मास्टरजी. पहले इनका लेना है.”

वहिनीनं हात पुढं केला. तिच्या रक्तातही रोग निघाला. तिला सुया दिल्या, मेंदूपर्यंत पोचला नव्हता. याला सलाइनमधून पेनिसिलिन सुरू झालं.

तिनं एकच विचारलं, “पयल्यासारखा होईन का?”

“आता पुढं वाढणार नाही. गेलं त्यातलं किती परत येईल, ते सांगता येत नाही.”

घरी आणल्यावर तो शांत झाला. अंगणात बसायचा. हातानं जेवायचा. तिला नावानं हाक मारायचा, कधी कधी एकाच तासात पाच-सहा वेळा. तिला त्याचाही कंटाळा येत नव्हता.

मी भेटायला गेलो. मला पाहताच तो उठला, छाती पुढं काढली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. स्मरणशक्तीला व्यायाम होईल, असं मला वाटलं. दरबाराचं पहिलं वाक्य सांगितलं. त्यानं ते खणखणीत म्हटलं. दुसरं सांगितलं. तेही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अख्खा प्रवेश झाला, मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन जेवलो.

तिसऱ्या दिवशी वहिनी आमच्या फाटकाशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

“भाऊजी, राग नका मानू. तुमी आता नको येत जाऊ.”

“काऊन? त्यानं एवढं सगळं म्हटलं ना!”

“तुमी गेले, तो राजाच राहिला. दोन दिवस झोपला नाई. मले दाराबाहेर काढलं, म्हणे दासी हाय. तुमी आले का राजा होते. नाई आले त मले ओळखते, पाणी मागते, झोपते. मले तेवढाच पायजे.”

“मी गप्प बसेन. एक शब्द नाही बोलणार.”

“तुमचं तोंड पाहूनच सुरू होते, भाऊजी.”

मी ‘बरं’ म्हटलं.

आता दुकानात जायला मी बांधावरून लांबचा रस्ता धरतो. गेल्या पावसाळ्यात चिखलामुळं त्याच्या घरासमोरूनच जावं लागलं. तो अंगणात होता. मला वाटलं, त्याची पाठ ताठ झाली. मी छत्री आमच्या दोघांच्या मध्ये आडवी धरली आणि एका अंगानं भिजत पुढं गेलो.