गहिनीनाथांचा दीड कॅमेरा

१९७३ साली शेवगावात कुणाच्या घरी टीव्ही नव्हता. गहिनीनाथ लांडे यांच्या घरी मात्र टीव्हीच्या स्टुडिओतले जुने कॅमेरे होते. एकूण दीड. एक अख्खा, चाकांच्या स्टँडवर, ट्रंकेएवढा. दुसऱ्याचं फक्त तोंड, चार भिंगांची गोल चकती. ती देवळीत गणपतीशेजारी.

गहिनीनाथांनी दिल्लीत नऊ वर्षं कॅमेऱ्यामागची केबल ओढली. कॅमेरा चालवायला त्यांना कधी मिळाला नाही. निकामी कॅमेरे लिलावात निघाले तेव्हा त्यांनी हे दीड उचलले, रेल्वेने श्रीरामपूरला आणले आणि तिथून कांद्याच्या ट्रकमधून घरी. स्टुडिओतले सगळे कॅमेरे त्यांना स्वभावासकट पाठ होते. "तीन नंबर डावीकडं ओढायचा. पाच नंबर तापट. गरम झाला की मानसं पांढरी दाखवायचा." लोक बैलांबद्दल बोलतात तसं ते बोलत. घरातला होता तो तीन नंबर. त्याच्या पोटातली चित्र पकडणारी नळी लिलावाआधीच काढलेली होती. तरी 'बंद' हा शब्द गहिनीनाथ त्याच्याबद्दल उच्चारत नसत. "जोडलेला न्हाई," म्हणत.

मुलगी राही हिला बघायला पाहुणे येणार होते, त्या सकाळी गहिनीनाथांच्या पत्नी छबूबाई म्हणाल्या, "अहो, ते धूड आजच्या दिवस गोठ्यात न्या."

"तीन नंबर गोठ्यात? बैलं लाथ मारत्याल."

"न्हाईतर मी मारीन."

शेवटी छबूबाईंनी त्याच्यावर जुनं लुगडं पांघरलं. मुलाचे वडील आबासाहेब आत आले आणि कुणी थोरल्या बाई समजून त्यांनी त्यालाच हात जोडले. मग लुगडं काढणं भाग पडलं. सवयीने गहिनीनाथांनी वरचा, कॅमेरा चालू असल्याचं सांगणारा लाल दिवाही लावला.

"दिल्लीच्या टीव्हीतला हाय," ते म्हणाले.

आबासाहेब ताठ झाले. तलाठ्यापुढे बोललेलं कागदावर जातं. ह्या कॅमेऱ्यासमोर बोललेलं कुठवर जाईल याचा त्यांनी हिशेब केला. "कानिफ, टोपी सरळ कर," ते मुलाला म्हणाले. राही पोहे देऊन पाटावर बसली. तिला कुणी नाव विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. पोह्यांना कुणी हात लावला नाही. अखेर घामाघूम झालेला कानिफनाथच भिंगाकडे बघत म्हणाला, "मी म्याट्रिक पास न्हाई. दोनदा नापास झालो. पास हाय असं बाबांनी सांगितलं."

आबासाहेब उठलेच. "ऊठ! सगळ्या दिल्लीपुढं बापाला खोटं पाडलंस. आता कुठल्या तोंडानं सोयरीक करायची?"

ते चपला शोधू लागले. छबूबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की गहिनीनाथ पुढे झाले.

"थांबा, पाव्हनं. ह्यो... जोडलेला न्हाई."

"म्हंजी?"

"केबल न्हाई."

"मग लाल दिवा?"

"सेलवर हाय."

"लांडे, एक काय ते बोला. चालू हाय का बंद?"

गहिनीनाथांनी तीन नंबरकडे पाठ केली. "बंद," ते हळू म्हणाले. "आतली नळीच न्हाई. खोकं हाय नुसतं."

"म्हंजी दिल्लीनं काय ऐकलं न्हाई?"

"न्हाई."

आबासाहेब परत बसले आणि पोह्यांची बशी ओढून घेतली. "मग घरातल्या घरात सांगतो, वहिनी. पोरगं दोनदा नापास हाय."

"आमची तिसरीपुढं गेली न्हाई," छबूबाई म्हणाल्या.

"चौथी," राही म्हणाली. "चौथी पास हाय मी."

"मग हिलाच इचारा, नापास चालंल का," आबासाहेब म्हणाले.

राहीने कानिफनाथाकडे एकदाच पाहिलं. "खरं बोलाया लाल दिवा लागतोय," ती म्हणाली. "तेवढा संगं द्या."

लग्न ठरलं. छबूबाई साखर वाटू लागल्या, तेव्हा गहिनीनाथ कॅमेऱ्याला टेकून उभे होते.

"अहो, तोंड गोड करा की."

"थांब जरा," ते म्हणाले. "आदी ह्याला सांगू दे, दुसरा इलाज नव्हता."