शेरीचं पिंप आणि गवसकाकांचं गाऱ्हाणं

दारूच्या कंपनीत नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. गोदामातल्या खोक्यांसारखे ते आपोआप एकावर एक चढत जातात. आमचं गोदाम दुबईच्या जबल अली बंदरात, मी तिथे कागदपत्रं बघते. गंमत म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं प्रस्थ, गवसकाका, दारूला शिवतसुद्धा नाहीत! मूळचे सावंतवाडीकडचे. नवा कंटेनर उघडण्याआधी नारळ ठेवून मालवणीत गाऱ्हाणं घालतात आणि आम्ही सगळे, अगदी केरळचा ड्रायव्हरसुद्धा, "होय म्हाराजा!" म्हणतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलेच होते.

*

आमच्या सेल्समधला सॅव्हिओ वसईचा. एका स्कॉच व्हिस्कीचं लाँच त्याच्या गळ्यात पडलं. बॉसने तोंडावर सांगितलं, "लाँच गाजलं तर तू मॅनेजर. फसलं तर हबीबी, खलास!"

बायको, मुलगा इथेच. खलास म्हणजे नोकरीबरोबर व्हिसाही गेला, सगळ्यांनी बॅगा भरून वसईला. सॅव्हिओ हसला खरा, पण मला त्याचं फार वाईट वाटलं.

*

तो आम्हाला माल समजावत होता. "ही सिंगल ग्रेन. एकाच डिस्टिलरीची, पण बार्लीबरोबर गहूही घातलेला. मग शेरी वाईनच्या जुन्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. मुरताना थोडी उडून जाते. तिकडे म्हणतात, तो देवदूतांचा वाटा."

काका उडालेच. "उडान जाता? आणि कोणाच्या पगारातसून कापणत नाय?"

आमच्याकडे एक बाटली फुटली तरी चौकशी बसते! काका दिवसभर पुटपुटत होते, "देवदूत दारू पितत... काय ह्या!"

*

सॅव्हिओ राहतो शारजात, म्हणजे दारूला पूर्ण बंदी असलेल्या गावात. शाळेत मिसने मुलांना वडिलांचं काम विचारलं. याचा मुलगा रायन ताडकन उठला, "माय डॅडी सेल्स व्हिस्की!"

मिस पांढरीफटक. कशीबशी सावरून म्हणाली, "ही मीन्स सॉफ्ट ड्रिंक्स, चिल्ड्रन."

"नो मिस! फोर्टी थ्री पर्सेंट!"

*

लाँचसाठी डिस्टिलरीने शेरीचं एक रिकामं पिंप पाठवलं. पाहुण्यांनी त्यात नाक घालून मुरलेल्या लाकडाचा वास घ्यायचा, मग व्हिस्की चाखायची. सगळा कार्यक्रम त्या वासावर!

लाँचच्या दिवशी सकाळी सॅव्हिओने पिंपाचं झाकण काढलं आणि तो मटकन खोक्यावर बसला.

"पावणे नाक घालतले म्हणालंस ना?" काका अभिमानाने म्हणाले. "आत काळाकुट्ट, आंबूस वास! पावणे येवच्या आधी घर धुवक नको? गरम पाणी, साबण, वर फिनेल. आता बघ, हॉस्पिटलासारख्या झाला!"

"काका, तो वासच तर दाखवायचा होता हो!"

काकांच्या चेहऱ्याकडे बघवेना. दुसरं पिंप आणायचं कुठून? थेट स्कॉटलंडहून?

*

संध्याकाळी बर दुबईतलं हॉटेल. पाहुणे जमलेले, बॉस कोट घालून उभा. मदतीला म्हणून आम्ही गोदामवाले भिंतीला चिकटून. डिस्टिलरीचे म्हातारे साहेब, ईवन, पुढे आले. त्यांनी पिंपात नाक घातलं. बाहेर काढलं तेव्हा डोळ्यांतून पाणी.

"हू डिड धिस?"

"आय डिड, सर," सॅव्हिओ म्हणाला.

मला धक्काच बसला. काकांना तर माझ्याहून मोठा. ते तरातरा पुढे गेले आणि पिंपासमोर हात जोडले.

"बा स्कॉटलंडच्या देवदूतांनो! ह्या पिंपाक जो वास इलो, तो माझ्या हातान इलो. ह्या पोराची काय एक चूक नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सवयीने ओरडलो. ओरडल्यावर जीभ चावली. बॉसने डोळेच मिटले.

ईवन साहेब अर्थ विचारायला माझ्याकडे वळले, तेव्हा मी हळूच इंग्रजीत सगळं सांगून टाकलं: काकांचं फिनेल, देवदूत, आणि लाँच गाजलं तर सॅव्हिओ मॅनेजर, फसलं तर खलास.

काका थांबेनात. "तुमचो वाटो तुमका पोचलो असतलो, तर ह्याची नोकरी सांभाळा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

या वेळी सगळ्यात मोठा, घोगरा आवाज ईवन साहेबांचा होता. त्यांनी डोळे पुसले आणि रिकामा ग्लास सॅव्हिओपुढे धरला.

"मॅनेजर, माय ग्लास इज एम्प्टी!"