द्राक्षबागेतली सीडी

माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या होणाऱ्या थोरल्या दिरांनी वडिलांना एकच प्रश्न विचारला होता. "पोरीला कॉम्प्युटर येतो म्हणं?" वडिलांनी अभिमानानं होकार दिला. निमगाव सावाहून एसटीनं नारायणगावला जाऊन मी डिप्लोमा केला होता आणि पुढं त्याच क्लासात नव्या मुलामुलींना शिकवतही होते. वडिलांना वाटलं, शिक्षणाची कदर असलेलं घर मिळालं. मलाही तसंच वाटलं.

खोडदला सासरी आले तर पुढच्या खोलीत कॉम्प्युटर होताच. त्याच्यावर जुन्या साडीचा जरीकाठ लावून शिवलेलं झाकण होतं. दिरांचा द्राक्षांचा व्यवहार, चार माणसांत ऊठबस. गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला असलेल्या एका ओळखीच्या माणसाच्या घरी त्यांनी कॉम्प्युटर पाहिला, आणि त्याच्याकडं आहे, आपल्याकडं नाही, हे त्यांना सोसलं नाही. पुण्याहून एक जोडून आणला. त्याच्यावर ते पत्ते खेळायचे, गाणी लावायचे, आणि कुणी कुठली सीडी दिली की ती बिनधास्त आत ढकलायचे. मग मशीन अडकायचं, पडदा निळा व्हायचा, आणि मला हाक यायची.

"मास्तरीण बाई, या. पेशंट निजलाय."

ही हाक घरात नुसते घरचे असताना कधी यायची नाही. चहाला माणसं आली की यायची. मी डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर यायचे. दिरासमोर खुर्चीत बसायची रीत आमच्या घरात नव्हती, त्यामुळं मी उभ्यानंच, टेबलावर वाकून काम करायचे. खुर्चीत दीर बसलेले असायचे. माझी बोटं कीबोर्डावर चालायला लागली की ते लोकांना सांगायचे, "बघा, पेटी वाजवती आमची सून." लोक हसायचे. काम झालं की म्हणायचे, "जा आता, भाकरी करपतीय."

मी हे सगळं सोसत होते त्याला कारण होतं. लग्नानंतर मी पुन्हा क्लासात शिकवायला जायचं, असं नवऱ्यानं मला कबूल केलं होतं. क्लासच्या सरांनीही जागा ठेवतो म्हणून सांगितलं होतं. सणवार उरकले, मी सरांना निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवला, तरी नाही. नवरा म्हणाला, "येईल की उत्तर. एवढी घाई काय हाय?"

त्या वर्षी बागेत घड धरायला लागले होते तेव्हा दिरांनी कुठल्यातरी खेळाची सीडी घातली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. पडदा निळा व्हायचा, पांढरी अक्षरं यायची आणि सगळं थांबायचं. मी बरेच उपाय केले. शेवटी विंडोज पुन्हा टाकली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण पडद्यावर सगळं मोठमोठं, विटक्या रंगाचं दिसायला लागलं, आणि आवाज पार गेला. यंत्राच्या एकेका भागाला कामाला लावणारा छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो नसला की भाग जागेवर असतो, पण यंत्र त्याला ओळखत नाही. यादीत आवाजाच्या नावापुढं पिवळं प्रश्नचिन्ह दिसत होतं. हे ड्रायव्हर ज्या सीडीत असतात ती कॉम्प्युटर घेतानाच मिळते. मी दिरांना विचारलं, "भाऊजी, याच्याबरोबर एक सीडी आली असंल. ती कुठंय?"

त्यांनी थोडा विचार केला. "ती व्हय? बागेत टांगली. पाखरांना."

त्या हंगामात त्यांनी गावभरच्या टाकाऊ सीड्या गोळा करून बागेत तारांना बांधल्या होत्या. उन्हात चमकल्या की पाखरं बिचकतात म्हणून. "जा, शोधून आण," ते म्हणाले. "रविवारी व्यापारी यायचेत. तवर आवाज पायजे."

दुपारची वेळ होती. बागेत बायका घडांची विरळणी करत होत्या. तार उंच, माझा हात पुरेना, म्हणून मी प्लॅस्टिकचा क्रेट पालथा घालून त्याच्यावर उभी राहात होते. एक सीडी फिरवून बघायची, खाली उतरायचं, क्रेट पुढं सरकवायचा, पुन्हा चढायचं. उन्हानं कित्येक सीड्यांवरची अक्षरं उडून गेली होती. थोड्या वेळानं दीर दोन पाहुण्यांना घेऊन बांधावर आले आणि तिथंच उभ्यानं चहा प्यायला लागले.

"त्या ओळीत बघ. न्हाई, पलीकडच्या."

मी पलीकडच्या ओळीत गेले.

"आता त्या टोकाला. तिथंच असंल."

मी टोकाला गेले. वर बघून बघून डोळ्यांपुढं अंधारी येत होती. पदर तारेत अडकून फाटला. एका पाहुण्यानं काहीतरी म्हटलं आणि तिघंही हसले. कामाच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांनाही हसू आवरत नव्हतं, हे मला दिसत होतं. शेजारच्या ओळींत माझा नवरा पाठीवर पंप घेऊन फवारणी करत होता. त्यानं मान वर करून एकदा बघितलं, मग नळी वळवली आणि पाठमोरा होऊन दुसऱ्या ओळीला लागला.

सीडी सापडली नाही. मी घरी आले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. माझ्या फाटक्या पदराकडं बघून म्हणाल्या, "शिकल्याचं एवढंच दिसलं बाई आमाला. उघड्या डोक्यानं बागेत नाचायचं."

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरची पेटी उघडली. आत बॅटरी मारून आवाजाच्या चिपवरचा नंबर वाचला आणि पेनानं तळहातावर लिहिला. बोर्डावरचं नावही लिहून घेतलं. ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवता येतात, हे मला माहीत होतं, आणि इंटरनेट आमच्या क्लासात होतं. सासूबाईंना सांगून एसटीनं नारायणगावला गेले.

सरांनी बसायला खुर्ची दिली. किती दिवसांनी मी कॉम्प्युटरपुढं खुर्चीत बसले होते. फोनच्या लाइनीवरचं इंटरनेट, फाइल मुंगीच्या पावलानं उतरत होती. ती उतरेपर्यंत मी विचारलं, "सर, माझे निरोप मिळाले नाहीत का?"

सर पडद्याकडंच बघत म्हणाले, "तुझे दीर येऊन गेले होते."

"कधी?"

"तुझं लग्न झाल्यावर लगेच. म्हणाले, घरातला नवा कॉम्प्युटर तिनं बंद पाडला. तुमच्या पोरांची मशीनं तिच्या हातात देऊ नका. मला काही ते खरं वाटलं नाही. पण घरचेच नको म्हणतात तर मी तुला कसं बोलावणार? मी दुसरी मुलगी घेतली."

आतल्या खोलीतून त्या मुलीचा आवाज येत होता. माउस कसा धरायचा ते ती कुणाला तरी सांगत होती. मी पूर्वी सांगायचे तसंच, जवळजवळ त्याच शब्दांत. फाइलचे तुकडे करून फ्लॉप्यांवर घेतले. फ्लॉपीचा भरवसा नसतो म्हणून प्रत्येक तुकडा दोनदा घेतला. परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी रडले. मग खोडदचा फाटा यायच्या आत तोंड पुसलं.

रविवारी व्यापारी आले. मी वाकून उभी राहिले आणि एकेक फ्लॉपी घालत गेले. मधलीच एक वाचता येईना. मशीन नुसतं करकरायला लागलं. "आली का पंचाईत?" दीर म्हणाले. मी तिची दुसरी प्रत घातली. सगळं बसलं. मशीन बंद करून चालू केलं तर रंग आले, अक्षरं लहान आणि रेखीव झाली, आणि सुरू होतानाचा तो सूर स्पीकरमधून वाजला. एक व्यापारी म्हणाला, "राव, लई हुशार हाय की सून."

दीर उठले. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून त्यांनी कागदी पाकिटातली एक सीडी काढली आणि माझ्यापुढं धरली. बोर्डाचं नाव तिच्यावर ठळक छापलेलं होतं.

"हीच का गं ती?"

मी हातातली फ्लॉपी टेबलावर ठेवली.

"ही तर बागेत व्हती म्हणला व्हता तुमी," त्या दिवशी बांधावर आलेला एक पाहुणा त्या व्यापाऱ्यांत होता, तो म्हणाला.

"नवी सीडी कोण टांगतंय बागेत? म्हणलं बघू तरी, मास्तरीण किती पळतीय."

सगळे हसले. मी आत गेले नाही. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडाकडं बघून बोलले. "भाऊजी, क्लासच्या सरांना तुमी काय सांगितलंत?"

हसणं थांबलं. दिरांचा आवाज मात्र चढला नाही. उलट ते नेहमीपेक्षा सावकाश बोलले. "सांगितलं का आमची सून बाहेर चाकरीला जायची न्हाई. आन् लोकांनी कारण इचारलं तर कायतरी सांगावं लागतं." मग ते व्यापाऱ्यांकडं वळले. "बाईचं बी मशीनवाणीच असतं बघा. ड्रायव्हर आपल्या हातात ठेवावा."

त्यांनी गाणं लावलं आणि आवाज मोठा केला.

संध्याकाळी नवरा मागच्या नळावर हात धूत होता. हाताला औषधाचा वास येत होता. मी त्याला सगळं सांगितलं. सर काय म्हणाले तेही. तो साबण लावत राहिला.

"मला माहीत व्हतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दादा जाऊन आला तवापासून."

"आणि मी निरोप पाठवत होते ते?"

"तुला सांगून काय व्हणार व्हतं? घरात कलागत झाली असती." त्यानं हात झटकले. "चहा टाक जरा."

दिरांनी जे केलं त्याचा मला राग आला होता. नवऱ्याच्या त्या बोलण्यानं रागसुद्धा आला नाही. मी चहा टाकला.

त्यानंतर मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. हाक आली की दारात येऊन सांगायचे, "मला येत नाही." दिरांनी पाहुण्यांपुढं हिणवून पाहिलं, सासूबाईंनी त्या दिवाळीला मला माहेरी पाठवलं नाही, तरी माझं उत्तर बदललं नाही. "विसरली वाटतं," दीर म्हणायचे. मी म्हणायचे, "हो, विसरले." आधी ते खोटं होतं. मग नवी विंडोज आली, फ्लॉप्या गेल्या, आणि पुतणीच्या शाळेतल्या पुस्तकात मी बघितलं तर निम्मे शब्द मला कळेनात. तोपर्यंत ते खरं झालं होतं.

पुढं भावाभावांची वाटणी झाली. मधे भिंत आली. कॉम्प्युटर दिरांकडं गेला. एकदा पावसाळ्यात, दिवस मावळायच्या आधी, दीर आमच्या दारात येऊन उभे राहिले. केस पिकले होते. मास्तरीण म्हणाले नाहीत. म्हणाले, "जरा बघती का? चालू व्हयना."

"मला त्यातलं काही कळत नाही, भाऊजी," मी म्हणाले.

ते तसेच उभे राहिले. मग माझा नवरा उठला. आयुष्यात त्यानं त्या मशीनचं एक बटण दाबलं नव्हतं. "चल दादा, मी बघतो," म्हणाला आणि चपला घालून गेला. भिंतीपलीकडून बराच वेळ दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, आधी हळू, मग चढत गेलेलं; शब्द मात्र कळत नव्हते. तो परत आला आणि जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी दीर कॉम्प्युटरची पेटी पोत्यात बांधून, कुणाच्यातरी मोटरसायकलवर मागं बसून, मांडीत घेऊन नारायणगावला गेले. तिथं तो दुरुस्त झाला का, हे मी कुणाला विचारलं नाही.