सत्तावीस नंबरचा फोटो

पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं पांढऱ्या मिशा, वेताची खुर्ची आन् विहिरीत सापडलेलं प्रेत येतं. माझ्याकडं यातलं एकबी न्हाय. पाच वर्षं फौजदारकी केली, एकतिसाव्या वर्षी राजीनामा दिला, आता वाशीत पोलीस भरतीचा क्लास घेतो. म्हणजे निवृत्तच की. पण एक प्रकरण असं हाय, की ते नुसतं आठवलं तरी आजबी डोकं तापतं.

एका बुधवारी सकाळी येरमाळ्याकडच्या एका खेड्यातल्या शिक्षिका ठाण्यात आल्या. वय चौतीस, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, राहायला सासरीच. भावानं दुसऱ्या लग्नासाठी स्थळ बघितलं होतं, पाहुणे रविवारी येणार होते. त्यांच्याकडं पाठवायला बाईंनी तालुक्याच्या गावी जाऊन निळ्या साडीत फोटो काढले, घरात कुणाला कळू न देता. त्यातलाच एक सोमवारी गावच्या ग्रुपवर येऊन पडला. खाली लिहिलेलं, ‘बाई बोहल्यावर निघाल्या, आहेर तयार ठेवा.’ तवापासनं सासू बोलंना, शाळेत कुजबुज, आन् पाहुण्यांकडनं रोज येणारा फोन बंद.

आमच्या ठाणे अंमलदारानं कागद पुढं ओढायच्या आधी विचारलं, ‘‘बाई, फोटो काढायचाच कशाला पण?’’

मी त्याच्या हातातनं पेन काढून घेतलं. बाईनं फोटो काढला हा गुन्हा, आन् दुसऱ्यानं तो गावभर फिरवला ती गंमत. असलं डोकं घेऊन माणूस त्या खुर्चीत बसतोच कसा? जबाब मीच लिहून घेतला.

दुपारी त्याच गावातल्या अंगणवाडीच्या ताईंनी खबर दिली, की ग्रुपवर फोटो पहिल्यांदा टाकला तो बाईंच्या चुलत दिरानं. त्याला बोलावलं. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हात जोडलेले. कुणीतरी पाठवला, मी पुढं ढकलला, म्हणाला. कुणी पाठवला ते ध्यानात न्हाय. फोटो काढला त्या स्टुडिओची पायरी आयुष्यात चढलो न्हाय, आई येडेश्वरीची आण. आता आण मी मागितलीच नव्हती. न मागता जो आण घेतो त्याच्या नावापुढं मी डायरीत फुली मारून ठेवायचो. फुली मारली, जबाबावर सही घेतली, सोडला.

मग स्टुडिओ. मालक नाकात बोलणारा, प्रत्येक वाक्याला ‘बरं का’ जोडणारा. त्याच्याकडं असली गुपचूप कामं लई यायची. कुणाचं दुसरं लग्न, कुणाच्या पोरीचं स्थळ भावकीला कळू द्यायचं न्हाय. त्यासाठी चौघांचा खासगी ग्रुप केलेला. मालक, त्याची बायको, एक फोटोग्राफर आन् पाकिटं पोचवणारे एसटीतले निवृत्त कंडक्टर. पाकीट तयार झालं की ग्रुपवर घंटी वाजायची आन् निरोप पडायचा, ‘सत्तावीस तयार. येरमाळा बाजू. फक्त हातात.’ नाव कुठंच न्हाय, नुसता नंबर. सत्तावीस म्हणजे ह्या बाई. पाकिटाला लाखेचा शिक्का, वरनं साडीच्या दुकानाची पिशवी.

साहजिकच पहिला संशय कंडक्टरकाकांवर. तासभर उलटसुलट विचारलं. शेवटी काका म्हणाले, ‘‘साहेब, सगळी नोकरी एसटीत काढली. बाईमाणसाचं राहिलेलं गाठोडंबी कधी सोडून बघितलं न्हाय, आन् आता ह्या वयात पाकीट फोडू?’’ बाईंना फोन करून विचारलं. शिक्का शाबूत होता. मी काकांची माफी मागितली आन् विचार करत काउंटरपाशी स्टुलावर बसलो.

तेवढ्यात घंटी वाजली. काउंटरवरचा कॉम्प्युटर गिऱ्हाइकाकडं तोंड करून ठेवलेला, पासपोर्ट फोटो पसंत करायला. त्याच्यावर निरोप पडला, ‘एकतीस तयार. तामलवाडी.’ आन् खाली कुण्या एका पोरीचा फोटो, वीतभर मोठा. मी बघितला, माझ्याशेजारी आधारकार्ड घेऊन उभ्या असलेल्या दोघांनीबी बघितला.

मालकाला विचारलं, हा फोटो कशाला जोडता? तो म्हणाला, ‘‘साहेब, नाव टाकायचं न्हाय ना, बरं का. मग कुठलं पाकीट कुणाचं ते काकांना कळायचं कसं?’’

माझं टाळकंच सरकलं. नाव लपवायसाठी ह्यांनी तोंड बाजारात मांडलं होतं, आन् वर गुप्ततेचे जादा पैसे घेत होते. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिता येत न्हाय.

मग ग्रुपवर फिरलेला फोटो मोठा करून बघितला. कडेला ट्यूबलाइटची चमक. फोटोचा न्हाय, स्क्रीनचा फोटो काढलेला. आता दीर सोमवारी तिथं होता, एवढंच त्याच्या तोंडून यायला पाहिजे होतं.

शाळेत मी गुरुजींचे आवाज काढून छड्या खाल्लेल्या. मालकाचाच फोन घेतला, दिराला लावला आन् नाकात बोललो, ‘‘दादा, तुमचे पासपोर्ट फोटो हितंच राहिलेत, बरं का.’’

‘‘राहिले कुठं? सोमवारीच नेले की. आठ दिलते तुमी, आठी माझ्या खिशात हायत.’’

‘‘मग ते आठी घेऊन ठाण्यात या,’’ मी माझ्या आवाजात सांगितलं.

त्याचा फोन जप्त केला, मूळ फोटो त्यात सापडला. कॉम्प्युटरशेजारची प्लास्टिकची फुलं सुद्धा आलती त्यात. असं का केलंस, तर म्हणतो घरची इज्जत. घरची इज्जत राखायला घरच्या बाईचा फोटो गावाला वाटला. गुन्हा दाखल झाला.

आमच्याकडं रीत हाय, गुन्हा उघड झाला की ठाण्याच्या ग्रुपवर टाकायचा. मीबी शनिवारी टाकला. आरोपीचा फोटो, जप्त केलेला फोन आन् शेजारी पुरावा म्हणून बाईंचा फोटो. पटापट अंगठे आले. मी छाती फुगवून चहा पाजला सगळ्यांना.

सोमवारी बाई आल्या. मी खुर्ची पुढं केली, त्या बसल्या न्हायत. पाहुणे आले का, विचारलं.

‘‘आले. होकार दिला. निघताना ज्यांच्याशी लग्न ठरतंय त्यांनी मला मोबाइल दाखवला. माझा फोटो त्यांना तिघांनी पाठवलाय. दोघं आमच्या गावचे. तिसरा त्यांचा मावसभाऊ, तुमच्या ठाण्यात हवालदार आहे. खाली लिहिलंय, ‘ग्रुपवर आलीय, हीच का बघ.’’’

मी तोंड उघडलं.

‘‘मधे बोलू नका. स्टुडिओवाल्यांच्या ग्रुपात चौघं होते. तुमच्यात किती आहेत? मला विचारलं होतं का, टाकू का म्हणून? दिरावर गुन्हा दाखल केलात, मग तुम्ही वेगळं काय केलं? आधी तो फोटो ग्रुपवरून काढून टाका, माझ्यासमोर. ज्यांनी पुढं पाठवला त्यांना एकेकाला फोन लावा, मी इथंच उभी आहे. आणि होकार आला म्हणून हसू नका, साहेब. तो त्या माणसाचा चांगुलपणा. तुम्ही तर तो होकार घालवायलाच निघाला होता.’’