गोळ्यांवरचा संशय

आप्पांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा घरात पहिला संशय आला तो काकांना, आणि तो आजाराचा नव्हता, सोंगाचा होता.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, दोघे मिळून नाशकात तांब्यापितळेची भांडी घडवायचे. पुढच्या खोलीत कारखाना, मागे आम्ही, आणि भिंतीला भिंत लागून काकांचं घर. सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं. लोक स्टीलकडे वळले होते, तरी लग्नसराईत हंड्या-घंगाळांना गिऱ्हाईक असायचं. भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीने एकसारखे ठोके उमटवायचे, त्याला मठारणं म्हणतात. ते काम आप्पांचं. काका घडवणार, आप्पा मठारणार, अशी वाटणी आजोबांच्या वेळेपासून ठरलेली.

हात थरथरायचा तो रिकामा असताना. मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायची, तंबाखू मळत असल्यासारखी. आप्पांनी जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. आणि हातोडी उचलली की थरथर थांबायची. काकांनी हे नीट पाहून ठेवलं होतं.

"काम करताना हात बरा, आणि बसलं की हलतो. असला आजार मी तरी पाहिला नाही, वहिनी," ते आईला म्हणाले. "कामाचा कंटाळा आला असेल तर तसं सांगावं माणसानं."

आईचा स्वतःचा वेगळाच संशय होता. आप्पा बाहेरून आले की पाणी द्यायच्या निमित्ताने ती त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची. वास घ्यायला. दारूचा वास कधीच आला नाही, पण त्याने तिचं समाधान झालं नाही. ती मला म्हणाली, "वास न येणारंही काही मिळत असेल."

पुढे चेहरा बदलला. आप्पा हसेनासे झाले. कुणी काही बोललं तरी चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, हे आपल्यावर रागावलेत. मग चाल मंदावली, पावलं घासत पडायला लागली. शर्टाची बटणं लावता लावता ते मध्येच थांबून राहायचे. आता मठारकामही ढिलं पडलं. काकांनी सोंग हा शब्द सोडला, पण आप्पांकडे बघायची नजर सोडली नाही.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. लग्न झालं नव्हतं, म्हणून दवाखान्याची कामं माझ्याकडे. गल्लीतल्या डॉक्टरांनी आमची सगळ्यांची बाळंतपणं सोडून बाकी सगळं पाहिलेलं. त्यांनी आधी नसांचा अशक्तपणा म्हणून औषधं दिली, आणि गुण येईना तेव्हा त्यांनीच चिठ्ठी देऊन आम्हाला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

मोठ्या डॉक्टरांनी आप्पांना चालायला लावलं, मग त्यांचा हात धरून कोपरातून वाकवला. तो झटक्याझटक्याने वाकला, दात्यांच्या चाकासारखा. ते म्हणाले, याला पार्किन्सनचा आजार म्हणतात.

"मेंदूत एक रसायन तयार होत असतं. त्याच्यामुळे आपली हालचाल सहज होते. यांच्या मेंदूत ते कमी पडतंय. ही गोळी पोटातून मेंदूत जाते आणि तिथं तेच रसायन बनतं. आजार बरा होणार नाही. हालचाल मात्र सुधारेल."

मी विचारलं, "हातोडी धरली की थरथर थांबते, ते कसं?"

"ह्या आजारात रिकाम्या हाताला कंप येतो. आम्ही बऱ्याचदा त्यावरूनच तो ओळखतो."

घरी येऊन मी हे शब्द काकांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं. "मोठी माणसं, मोठी नावं," एवढंच म्हणाले.

गोळ्या नाशकात मिळेनात. मेनरोडवरच्या जुन्या दुकानांत चिठ्ठी वाचायचे आणि परत द्यायचे. शेवटी एका नव्या दुकानातला औषधवाला, तिशीतला असेल, चिठ्ठी उलटीपालटी करून बघत राहिला.

"कोणासाठी?"

"वडिलांसाठी."

"ते का आले नाहीत?"

"त्यांना चालायला त्रास होतो."

"मेंदूवरचं औषध आहे. मी असं कुणालाही देत नसतो." त्याने माझ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "मुंबईहून मागवावं लागेल. चिठ्ठी ठेवून जा."

मला चिठ्ठी ठेवायची नव्हती. त्याला चिठ्ठीशिवाय मागवायचं नव्हतं. शेवटी मी शाळेचं नाव सांगून चिठ्ठी ठेवली, त्याने ती मिळाल्याचं सही करून लिहून दिलं, आणि एकमेकांवर अजिबात विश्वास नसताना आमचा व्यवहार ठरला.

बाटली आली. मोठ्या पांढऱ्या गोळ्या. आप्पांनी त्या हातात घेऊन पाहिल्या.

"मेंदूचं म्हणजे वेड्याचंच ना?"

"नाही हो आप्पा. हालचालीचं."

"हालचाल पायात असते," ते म्हणाले.

गोळी घ्यायचे, पाणी प्यायचे, पण फरक काही दिसेना. एकदा खिडकी झाडताना आईला तुळशीच्या डब्याआड विरघळून चिकटलेल्या गोळ्या सापडल्या. जिभेखाली धरून ठेवून ते नंतर तिथे टाकत होते. त्या दिवसापासून गोळी दिली की आई समोर बसायची.

"तोंड उघडा. जीभ वर करा."

"मी काय चोर आहे?"

"चोर नाही. पण उघडा."

आप्पा तोंड उघडायचे. त्यांच्या त्या न हलणाऱ्या चेहऱ्यावरही अपमान मला दिसायचा.

गोळी पोटात जायला लागली आणि काही आठवड्यांनी एका सकाळी मी चहा करत असताना पुढच्या खोलीतून ठोके ऐकू आले. काकांचे ठोके जड असत. हे हलके होते, सारख्या अंतराने पडणारे. आई हातातलं काम टाकून दारात गेली. आप्पा स्वतः उठून, शर्ट घालून, सगळी बटणं लावून मठारायला बसले होते. काका समोर उभे राहून बघत होते.

"एवढ्या लवकर गुण येतो म्हणजे त्यात नशाच असणार," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. त्यांच्याकडे पुरावाही होता. आप्पांच्या बनियनला घामाचे काळपट डाग पडू लागले होते. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, काळजीचं कारण नाही म्हणून. काका बनियन उजेडात धरून बघायचे आणि मान हलवायचे.

औषधाचा एक त्रास मात्र खरा होता. आप्पांना मळमळायचं. जेवण तुटलं, गालफडं बसली. आईने गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ताकदीसाठी लाल कॅप्सूल दिल्या, आणि मधूनमधून लाल रंगाचंच एक इंजेक्शन सुरू केलं. आईला हायसं वाटलं. ह्या औषधासाठी तिने आप्पांना कधी तोंड उघडायला लावलं नाही. घरातल्यासारख्या माणसाने दिलेलं होतं ते.

त्याच सुमारास पांढऱ्या गोळ्यांची दुसरी बाटली आली, आणि आप्पा पुन्हा अडकायला लागले. आधी सकाळची बटणं. मग पाटावरून उठताना हात द्यावा लागायला लागला. मग उंबऱ्यापाशी येऊन पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहायला लागले. हातोडी पुन्हा बंद.

काकांनी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. "ह्या लेबलाचा निळा रंग बघ. आणि ह्याचा बघ."

रंगात फरक होता. किंचित, पण होता.

"खडूच्या गोळ्या आहेत ह्या," काका म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

मी गेले. मलाही तो औषधवाला पहिल्या दिवसापासून पटलेला नव्हता. काकांनी दुकानात गिऱ्हाईक असतानाच दोन्ही बाटल्या काउंटरवर मांडल्या.

"पहिलं औषध खरं दिलंत आणि दुसरं खोटं. असंच करता ना सगळ्यांशी?"

औषधवाल्याचा चेहरा उतरला. त्याने आवाज चढवला नाही. बाटल्या उचलून लेबल वाचलं, झाकण पाहिलं, मग खालच्या कप्प्यातून आपली मुंबईची पावती काढून काकांसमोर धरली. काकांनी ती वाचली नाही.

"पावती कुणीही छापतो."

"मग तुम्ही ह्या गोळ्या लिहून देणाऱ्याकडेच घेऊन जा," तो म्हणाला. "मी खोट्या विकल्या असं त्यांनी म्हटलं, तर दुकानाला कुलूप लावीन. पण जाच."

आम्ही गेलो. आप्पा, आई आणि मी. नाशिकरोडला गाडीच्या दारात आप्पांचे पाय अडकले, मागचे लोक ओरडायला लागले, आणि मी व आईने त्यांना अक्षरशः उचलून आत घेतलं. इगतपुरीला इंजिन बदलायला गाडी थांबली. आप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मला ह्या सगळ्याचा कंटाळा आलाय."

मोठ्या डॉक्टरांनी बाटली पाहिली, एक गोळी तोडून पाहिली. "कंपनीने लेबल बदललंय. माझ्याकडेही हेच येतं. गोळ्या खऱ्या आहेत."

"मग लागू का पडत नाहीत?" मी विचारलं.

"आणखी काय घेतात हे?"

"काही नाही," आई म्हणाली.

"काहीच नाही? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, काढा?"

"नाही हो. औषध दुसरं कुठलंच नाही. फक्त ताकदीचं एक इंजेक्शन, मधूनमधून, आणि कॅप्सूल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या?"

आईच्या पिशवीतच होत्या. प्रवासात अशक्तपणा येऊ नये म्हणून तिने आठवणीने घेतल्या होत्या. डॉक्टरांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि तिथल्या एका नावावर बोट ठेवलं.

"हे जीवनसत्त्व आहे. एरवी चांगलंच. पण तुमची गोळी मेंदूपर्यंत पोचायच्या आत हे तिला शरीरातच मोडून टाकतं. तुम्ही गोळी देत होतात आणि ही कॅप्सूल ती काढून घेत होती. इंजेक्शनात तर हे आणखी जास्त असणार. दोन्ही आजपासून बंद."

आईने पिशवीचं तोंड आवळलं. "ताकदीनं माणूस अडकतो?" तिने विचारलं. तिच्या आवाजात मला स्पष्ट ऐकू आलं, की आता तिचा संशय ह्या डॉक्टरांवर होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी मला गोवरातून काढलं होतं. ह्यांना ती दुसऱ्यांदा भेटत होती.

तरी तिने कॅप्सूल बंद केल्या. पंधरवडा होत आला तसे आप्पा हळूहळू मोकळे झाले. पुन्हा हातोडी वाजली तेव्हा आई देवापाशी बसली होती. ती उठून आली नाही, तिथेच डोळे मिटून ऐकत राहिली.

गल्लीतल्या डॉक्टरांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून जाड पुस्तक काढलं, बराच वेळ पानं उलटली आणि मिटून ठेवलं.

"माझं पुस्तक जुनं आहे," ते म्हणाले. "ह्यात ते औषधच नाही." नंतर ते आमच्याकडे पूर्वीसारखेच येत राहिले, पण आप्पांना काही द्यायचं झालं की आधी मला विचारायचे, "मुंबईला चालेल ना?" हे चिडून विचारतात की खरंच, ते मला कधी कळलं नाही.

औषधवाल्याकडे मी एकटी गेले. काका आले नाहीत. मी काही बोलायच्या आत त्याने नवी बाटली समोर ठेवली आणि सील माझ्याकडे वळवलं.

"बघून घ्या."

"गोळ्या खऱ्याच होत्या," मी म्हटलं.

"मला माहीत होतं. तुम्ही बघून घ्या." पुढे कितीतरी वर्षं, तो मला ताई म्हणायला लागल्यावरसुद्धा, त्याने सील दाखवल्याशिवाय बाटली दिली नाही.

ऐंशीनंतर नवी गोळी आली. जुन्याच औषधात दुसरं एक औषध मिसळलेलं, पहिल्याला वाटेत मोडू न देणारं. मळमळ कमी झाली, आणि आता जीवनसत्त्वं चालतील असं डॉक्टर म्हणाले. आईने मान डोलावली आणि लाल रंगाची कुठलीही गोळी घरात येऊ दिली नाही.

आजार मात्र पुढे सरकतच होता. आता गोळीचा अंमल तेवढ्यापुरता राहायचा. तो चढला की आप्पांचे खांदे, मान आपोआप वळवळायची, उतरला की ते पुतळ्यासारखे व्हायचे. त्या दोहोंच्या मधला थोडा वेळ चांगला असायचा. काकांनी तो वेळ हेरून ठेवला होता. घडवलेली कळशी काखेत धरून ते मधल्या दारात उभे राहायचे आणि मला हळूच विचारायचे, "गोळी लागू झाली का गं?" मी हो म्हटलं की आत जाऊन कळशी आप्पांच्या पुढ्यात ठेवायचे आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचे. आप्पा मठारायचे. आपल्या पहिल्या संशयाबद्दल काका शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि आप्पांनीही त्याबद्दल कधी विचारलं नाही.