दहावी खुंटी

तिसऱ्या मजल्यावरचा लिफ्ट-मेकॅनिक सव्वीस वर्षं माणसांना दोरावर टांगून वरखाली करतोय आणि त्याच्या हातचं एकही माणूस आजवर मध्येच लटकलं नाही, हे कोणी वेगळं सांगायची गरज नाही. तो स्वतःच सांगतो. जिन्यात निसटता भेटला तरी सांगतो. अख्खी इमारत त्याला ओळंबा म्हणते. घरात आरसा टांगताना त्याने शेजारी दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला होता. आरसा सरळ, भिंतच तिरकी निघाली. दुसऱ्या कोणी आरसा हलवला असता. ह्याने बांधणाऱ्या गवंड्याला आठ दिवस नावं ठेवली.

तर अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर यायचा होता.

कारण वहिनी. म्हणजे ओळंब्याची बायको. वकिलाच्या कचेरीत अठरा वर्षं टायपिंग केलं, मग वकीलच थकले आणि कचेरी बंद झाली. चार महिने घरात बसून वहिनीने सगळी कपाटं तीन-तीनदा आवरली. मग एका इस्पितळाचं काम चालून आलं: डॉक्टर बोलून ठेवतात ते ऐकायचं, टाइप करायचं, वेळेत पाठवायचं. दोन आठवडे पारखून बघणार. तेवढ्यात तीन फायली उशिरा गेल्या की नमस्कार. नाही गेल्या तर काम कायमचं.

वहिनीचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक. टक्कल पडलं तरी घरात त्याला धाकटाच म्हणतात. तो म्हणाला, "ताई, दुकानातलं तयार एक घेऊन जा आणि सोमवारी कामाला बस."

"तयार?" ओळंब्याने असं विचारलं, जणू शिळं म्हणाला. "आत काय कोंबलंय ते कोणी बघितलंय? सुटे भाग दे. मी जोडतो. माझ्या हाताने आवळल्याशिवाय मी बायकोला त्यावर बसवणार नाही."

"बसायचंय खुर्चीवर," आक्का म्हणाली. आक्का म्हणजे ओळंब्याची थोरली बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त. आयुष्यभर दोन अनोळखी माणसांच्या बोलण्यात वायर खुपसली, ती सवय अजून गेलेली नाही.

रविवारी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली गेली. ओळंब्याने कॅबिनेटचा पत्रा उघडला, आत पितळी खुंट्या बसवल्या, त्यांवर मदरबोर्ड ठेवला, आणि मग स्क्रू. प्रत्येक स्क्रू आवळला की त्यावर आक्काच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. लिफ्टच्या कामात तशी पद्धत आहे: ठिपका म्हणजे तपासलं. दुसरीही एक पद्धत आहे. एकही भोक रिकामं सोडायचं नाही, कारण रिकामं भोक म्हणजे विसरलेला बोल्ट. संध्याकाळी मशीन सुरू झालं. ओळंब्याने मागे सरून दोन्ही हात कमरेवर ठेवले. "हे आता तुझ्या-माझ्यानंतरही चालेल," तो म्हणाला.

कामाला बसल्यावर चाललं सतरा मिनिटं.

सोमवारी सकाळी वहिनी कोणाच्या तरी पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये अर्ध्यावर होती आणि पडदा काळा झाला. पेशंटचं पोट उघडंच राहिलं. मशीन आपलं आपण परत सुरू झालं, वहिनीने पहिल्यापासून टाइप केलं, टाके घालायच्या सुमाराला पुन्हा काळोख. फाइल पाऊण तास उशिरा गेली. मंगळवारी तीच तऱ्हा. दोन फायली झाल्या. इस्पितळातल्या बाई फोनवर फार गोड बोलल्या, आणि फोन ठेवून वहिनीने कॅलेंडरवर उरलेले दिवस मोजले.

ओळंबा हादरला, पण स्वतःबद्दल शंका काही त्याला आली नाही. बंद पडलं म्हणजे कोणीतरी पाडलं. आधी इमारतीची वीज दोषी ठरली. मग आक्काची इस्त्री. मग वहिनीची बोटं.

"तू जोरात बडवतेस. अठरा वर्षं वकिलाकडे काढलीस ना."

"अहो, मी हात मांडीवर ठेवून बसले होते तेव्हा बंद पडलं."

"मग माल खराब."

झालं. सापडला आरोपी. ओळंब्याने रॅमची एक पट्टी काढून बघितली, मग दुसरी. पॉवर सप्लाय बदलून आणला. प्रोसेसरवरचा पंखा उतरवून त्याखालची राखाडी पेस्ट पुसून नवी लावली. पद्धत बिनतोड: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत वेळ लिहायची. नऊ मिनिटं. एकतीस मिनिटं. बावीस मिनिटं. एकदा नुसतं टेबलाला ढोपर लागलं आणि मशीन गेलं. दर खेपेला तो धाकट्याच्या दुकानात जायचा, गिऱ्हाइकांसमोर भाग काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "नात्यात तरी चांगलं देत जा रे." धाकटा मुकाट्याने बदलून द्यायचा. बहिणीचा नवरा, करतो काय?

वहिनीने बुधवारपासून तक्रार करायची सोडली. शहाण्या नवऱ्याने इथेच घाबरायला हवं होतं. पण ओळंब्याने विचारलं, "फायली जातायत ना?" आणि ती म्हणाली, "वेळेवर जातायत." त्याला वाटलं, दोन झटक्यांच्या मधल्या वेळात उरकत असेल. सकाळपाळी संपवून तो घरी आला की दुपारी दोनला ती चालायला बाहेर पडायची, सहाला परतायची. डॉक्टरांचं ऐकून ऐकून तब्येतीची काळजी लागली असेल, असंही त्याला वाटलं.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी त्याने रजा टाकली. नऊ वर्षांतली पहिली. कंपनीत लोकांनी विचारलं, घरात कोण गेलं.

सकाळी त्याने मशीनची आतडी बाहेर काढली. मदरबोर्ड रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, बाकीचं आजूबाजूला मांडलं, आणि पेचकसाच्या टोकाने दोन पिना जुळवून सुरू केलं. एक तास गेला. दोन गेले. ओळंब्याने टेबलाला मुद्दाम ढोपर मारलं. ढिम्म. सगळं परत कॅबिनेटमध्ये बसवलं, ठिपक्यांसकट. अकराव्या मिनिटाला काळोख. बाहेर काढलं, चाललं. आत घातलं, गेलं.

"माहेरी टुणटुणीत, सासरी आजारी," आक्का दारातून म्हणाली. "सुनेला नको बघूस. घर बघ."

त्याने बॅटरी आणली आणि रिकाम्या कॅबिनेटमध्ये डोकं घातलं. पत्र्यावरच्या खुंट्या मोजल्या. दहा. बोर्डाची भोकं मोजली. नऊ. त्याने पुन्हा मोजली, मग बोट ठेवून मोजली, मग आक्काला मोजायला लावली.

"नऊ," आक्का म्हणाली. "का रे? किती हवी होती?"

कॅबिनेटच्या पत्र्याला भोकं जास्तच असतात. लहानमोठे बोर्ड बसावेत म्हणून. त्या रविवारी पुडीत एक खुंटी उरली होती आणि पत्र्याला एक भोक. सव्वीस वर्षांच्या हाताने विचारलंसुद्धा नाही. भरून टाकलं. वर बोर्डाला तिथे भोकच नव्हतं. ती पितळी खुंटी खालून थेट बोर्डाच्या पाठीला टेकली होती. गरम झालं, हललं, कोणाचं ढोपर लागलं, की नको तिथे तारा जुळायच्या आणि मशीन मरायचं. ओळंब्याने बोर्ड उलटा केला. पाठीवर, जिथे सोल्डरिंगचा डाक दिलेला असतो तिथे, चकचकीत गोल ओरखडा होता. बरोब्बर खुंटीएवढा.

तो खुर्चीवर बसला. अंगातली हवा काढून घेतल्यासारखा. आक्काने पाणी आणून दिलं, त्याने पेला हातात धरला आणि प्यायचं विसरला. चुकायचं कसं, हे त्याला माहीतच नव्हतं; सवय नव्हती. बाकीच्यांना चुकीनंतर काय करायचं ते पाठ असतं. हा बापडा पन्नाशीला पहिलीत बसला होता.

खुंटी काढायला लागलं एक मिनिट. चारला मशीन परत डब्यात सुरू झालं आणि सुरूच राहिलं. सहाला वहिनी आली, तेव्हा ओळंबा दारातच उभा.

"सापडलं."

"काय होतं?"

त्याने तळहात उघडला. "ही जास्तीची लावली होती. मी."

"परत म्हणा," वहिनी म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच ऐकू आल्यासारखं वाटलं नव्हतं.

"माझी चूक."

वहिनी चप्पल घालूनच आत आली आणि बसली. ओळंबा म्हणाला, "ह्या असल्या मशीनवर तू फायली वेळेत दिल्यास कशा, तेच मला कळत नाही."

वहिनीने आक्काकडे बघितलं. आक्काने छताकडे.

"गेल्या बुधवारपासून मी ह्या मशीनवर एक ओळ टाइप केलेली नाही," वहिनी म्हणाली. "धाकट्याच्या दुकानात करते. मागच्या खोलीत. दोन ते सहा."

"तू तर चालायला जात होतीस."

"चालतच जात होते."

"आणि मी आठ दिवस..."

"तुम्हाला मशीन दुरुस्त करायचं होतं. मला काम टिकवायचं होतं. दोन्ही एका टेबलावर होईना."

ओळंब्याने बहिणीकडे वळून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला कोणी विचारलं नाही," आक्का म्हणाली. टेलिफोन खात्याचा बाणा.

एका दिवसात दुसरा हादरा. ज्या दुकानात जाऊन तो माल खराब, माल खराब म्हणत होता, त्याच दुकानाच्या भिंतीपलीकडे त्याची बायको बसून सगळं ऐकत होती. कानात डॉक्टर, बाहेर नवरा. त्याचे कान लाल झाले.

"बरं, ते राहू द्या," वहिनी म्हणाली. "उद्या शेवटची फाइल, बारापर्यंत. धाकटा पहाटेच्या बसने माल आणायला जातोय, दुकान बंद. इथेच बसावं लागेल. खरं सांगा, हे उद्या चालेल?"

ओळंब्याने तोंड उघडलं. ह्या प्रश्नाचं एकच उत्तर त्या घराला ठाऊक होतं. आक्का तर ते ओठांनी आधीच म्हणत होती.

"माहीत नाही," ओळंबा म्हणाला.

आक्काचे ओठ तसेच राहिले.

"दोन तास चाललंय. ढोपर मारून बघितलं, चाललं. पण त्या ओरखड्याच्या जागी बोर्डाला आतून काही कायमचं झालं असेल, तर ते मला बघून कळत नाही. दर पाच मिनिटांनी सेव्ह कर. पेनड्राइव्हवर कॉपी ठेव. आणि सात वाजता बस, म्हणजे बंद पडलंच तर दुसरीकडे जायला वेळ राहील."

वहिनीने आता कुठे चप्पल काढली. वीस वर्षांच्या संसारात एवढं उपयोगी वाक्य त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मग बसते," ती म्हणाली. "चालेलच म्हणाला असतात, तर आत्ता शेजारी मशीन मागायला गेले असते. पण तुम्ही उद्या कामावर जायचं. मागे उभे राहिलात तर माझ्याच हातून चुका होतील."

शुक्रवारी ओळंबा एका सात मजली इमारतीत होता. बाराच्या सुमाराला खिशात फोन वाजला, पण तो लिफ्टच्या टपावर उभा होता आणि टपावर फोन घ्यायचा नाही हा नियम. खाली येईपर्यंत त्याला सात मजले सत्तर वाटले. त्याने फोन लावला.

"अकरा चाळीसला पोचली," वहिनी म्हणाली. "बाईंचा फोन येऊन गेला. सोमवारपासून कायम."

"मध्ये बंद...?"

"एकदाही नाही." मग लगेच, "धाकट्याला फोन केलात?"

"संध्याकाळी करतो."

"आत्ता करा."

त्याने केला. धाकटा बसमध्ये होता. मागे कोणाचं तरी पोर रडत होतं.

"बोला भाऊजी. आता काय बदलून हवंय?"

"काही नको. तुझा माल चांगला होता. मीच चुकीचा बसवला. आणि मागची खोली दिलीस, ते... बरं केलंस."

पलीकडून धाकटा बोलेना. ओळंब्याने फोन कानावरून काढून बघितला, कटला की काय म्हणून. कटला नव्हता. पोर रडतच होतं.

"भाऊजी," धाकट्याचा आवाज एकदम खाली आला होता, "तुम्ही आधी कुठेतरी टेकून बसा. ताईला फोन देऊ का लावून?"